अडीच फुटांची वस्ती

लातूरच्या बाजारपेठेत दुकानांच्या पाट्या वाचत चालले की ‘जुनी रेल्वे लाईन’ हे शब्द पत्त्यांतून पुन्हा पुन्हा भेटतात. तिथे रूळ नाहीत, सिग्नल नाही, इंजिनाची शिट्टी नाही. देवणी, उदगीर, निलंग्याहून शिकायला आलेली पोरे रिक्षावाल्याला हाच पत्ता सांगतात, रिक्षावाला बिनचूक नेऊन सोडतो, आणि इथून खरोखर कधी गाडी धावत होती का, हा प्रश्न त्या पोरांना पडतही नाही. त्यांच्या जन्माआधी किंवा जन्माच्या आसपास ती गाडी थांबली. पत्ता मात्र थांबला नाही.

मराठवाड्यात ओसाड गाव म्हटले की डोळ्यांपुढे जुनी किल्लारी उभी राहते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हादरली आणि पुढे लातूर-उस्मानाबादकडची पन्नासावर गावे दुसरीकडे वसवावी लागली. त्या ओसाडीला तारीख आहे, वेळ आहे, दरवर्षीचा स्मृतिदिन आहे. लातूरला ‘जुनी रेल्वे लाईन’ हा पत्ता देऊन गेलेल्या त्या अरुंद गाडीची, बार्शी लाईट रेल्वेची, वस्ती तशी उजाडली नाही. ती वेळापत्रकातून एकेक गाडी कमी होत, बदलीच्या एकेका हुकमाने, एकेका क्वार्टरला कुलूप लागत रिकामी झाली. तिच्यासाठी कोणी दिवस पाळत नाही. म्हणूनच या रेल्वेचा आणि तिच्या वस्तीचा इतिहास लिहून ठेवणे अगत्याचे आहे.

बार्शी लाईट रेल्वेची गोष्ट सुरू होते ती एका चुकलेल्या गावापासून. १८६० च्या सुमारास मुंबईहून पुणे-सोलापूरकडे जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेचा रुंद मार्ग आला, पण तेव्हाची मोठी कापसाची पेठ असलेली बार्शी त्या मार्गापासून वीस-बावीस मैल दूर राहिली. रेल्वेने तिच्या नावाचे स्टेशन तेवढे दिले, ‘बार्शी रोड’. हेच पुढचे कुर्डुवाडी. स्टेशनच्या नावातला ‘रोड’ हा शब्द त्या काळी बरेच काही सांगून जाई: गाव इथे नाही, इथून पुढे बैलगाडीने जायचे आहे. लातूर रोड, कळंब रोड ही नावेही त्याच जातीची. आपल्या भागात अशी ‘रोड’ स्टेशने मोजायला लागले तर रेल्वेने किती पेठा हुकवल्या, त्याचा हिशेब आपोआप लागतो.

ही हुकलेली बार्शी एव्हरार्ड रिचर्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याच्या डोळ्यांत भरली. जन्म १८५७ चा. १८८२ साली ते जीआयपीत इंजिन विभागात नोकरीला लागले. मोठ्या रेल्वेला न परवडणाऱ्या मुलखात हलकी, स्वस्त, अरुंद रेल्वे नेता येईल, हा विचार त्यांच्या मनाने घेतला तो कायमचा. नोकरी सोडून ते याच कामाच्या मागे लागले आणि ११ जुलै १८९५ रोजी लंडनमध्ये बार्शी लाईट रेल्वे कंपनी नोंदवली गेली.

कॅलथ्रॉप यांची खरी करामत रुळांच्या रुंदीत नव्हती. अडीच फुटी रूळ जगात इतरत्रही होते. त्यांनी धरला तो आसाचा हिशेब. गाडीतला कोणताही आस, मग तो इंजिनाचा असो, मालडब्याचा असो की प्रवासी डब्याचा, रुळावर पाच टनांपेक्षा जास्त भार टाकणार नाही, असा नियम त्यांनी घातला. इंजिन जड असेल तर त्याला आस जास्त द्यायचे. लीड्सच्या किटसन कंपनीने बांधलेल्या पहिल्या पाच इंजिनांना म्हणूनच आठ जोडचाके आणि मागे आणखी चार चाके होती, म्हणजे सहा आसांवर भार वाटलेला. मालडबेही दोन आसांचे छोटे न करता, चार आसांचे, बोगीवर बसवलेले लांब डबे केले. ओझे नीट वाटून घेतले की रूळ हलका चालतो. यार्डाला ३० पौंड वजनाचा रूळ त्यांनी वापरला, म्हणजे मीटरला जेमतेम १५ किलो. आज रुंद मार्गावर मीटरला ६० किलोचा रूळ घालतात. बार्शी लाईटचा तीस फुटी रूळ भरेल १३६ किलो, म्हणजे चार-सहा गडी खांद्यावर उचलून वळणापर्यंत नेतील इतकाच. आजचा तेरा मीटरचा रूळ ७८० किलोंचा. या दोन आकड्यांमध्ये त्या रेल्वेची सारी कूळकथा आहे. गरीब मुलखाला झेपेल एवढे वजन धरून ती बांधलेली होती. यंत्र मुलखाच्या मापाने घडवणारे अभियंते तेव्हाही थोडे होते.

हे सामान हिंदुस्थानात येण्याआधी लीड्सजवळ न्यूले इथे मुद्दाम रूळ टाकून त्याच्या चाचण्या घेतल्या गेल्या. मार्च १८९७ मध्ये बार्शी रोड ते बार्शी गाडी सुरू झाली. ते साल सोलापूरकडच्या लोकांच्या तोंडी दुष्काळाचे साल होते. या रेल्वेचा जन्म दुष्काळात झाला ही गोष्ट लक्षात ठेवावी, कारण तिच्या मार्गाची आणि दुष्काळाची पुन्हा एकदा गाठ पडायची होती.

पुढे कॅलथ्रॉप यांच्या याच अनुभवावर इंग्लंडात १९०४ साली लीक आणि मॅनिफोल्ड खोऱ्यातली छोटी रेल्वे उभी राहिली. त्यांना घोड्यांचाही फार नाद होता, आणि म्हातारपणी त्यांनी विमानातून उडी मारणाऱ्यांसाठी ‘गार्डियन एंजल’ नावाचे पॅराशूट तयार केले. पडणारा माणूस अलगद खाली यावा याचा विचार करणारा हा माणूस १९२७ साली वारला. बार्शी लाईटचा शेवटचा टप्पा मिरजेला पोचला तेही तेच वर्ष.

बार्शी इंग्रजी मुलखात, आणि तिच्या भोवती निजामाचा मुलूख. पूर्वेकडे रेल्वे वाढवायची तर हद्द ओलांडणे भाग होते. हद्दीच्या अलीकडे कलदार रुपया, पलीकडे हाली सिक्का. पलीकडे नेणाऱ्या मालावर निजामाची करोडगिरी, म्हणजे जकात. १९०६ साली दुसऱ्या अंगाने गाडी पंढरपूरला पोचली होती. पूर्वेच्या अंगाने बालाघाटाची चढण चढून ती येडशीला गेली, तिथून ढोकी, मुरूड करत १९११ साली लातूरला येऊन थांबली. थांबली म्हणजे खरोखरच थांबली: पुढची सोळा वर्षे आणि त्यानंतरही, अडीच फुटी रुळांचे पूर्वेकडचे टोक लातूर हेच राहिले.

टोकाचे स्टेशन आणि वाटेवरचे स्टेशन यांत फार फरक असतो. वाटेवरच्या स्टेशनात गाडी येते आणि जाते. टोकाच्या स्टेशनात ती मुक्कामाला राहते. इंजिनाला पाणी पाजायचे, कोळसा भरायचा, राख काढायची, तोंड फिरवायचे. गार्ड आणि ड्रायव्हर यांनी रात्रभर टेकायचे. सकाळी डबे झाडून पुसून पुन्हा लावायचे. एवढी कामे असली की माणसे लागतात, माणसे आली की घरे लागतात. त्यातून वस्ती उभी राहते. तिच्या पाठोपाठ पेठ वाढली. १९११ ला गाडी आली आणि १९१७ साली लातूरला गंजगोलाई बांधली गेली, मध्ये दुमजली गोल इमारत आणि तिला येऊन मिळणारे सोळा रस्ते. नगररचनाकार फय्याजुद्दीन यांची ही आखणी. गंजगोलाईच्या सोळा रस्त्यांचे कौतुक सगळे करतात. त्या पेठेकडे माल ओढून आणणारा सतरावा रस्ता लोखंडी होता, हे मात्र सांगायचे राहून जाते.

त्या वस्तीचे रूप अडीच फुटांच्या मापानेच घडलेले असे. या मार्गावरच्या कुठल्याही स्टेशनाभोवती थोड्याफार फरकाने हेच चित्र. दगडी भिंतींची, कौलांची किंवा पत्र्याची एकपाखी इमारत. एका बाजूला तिकीटखिडकी, एका बाजूला मास्तरांची खोली. थोडे बाजूला मास्तरांचे घर, मग सांधेवाले आणि गँगमन यांच्या खोल्यांची लाईन. एक विहीर, एक उंच पाण्याची टाकी. कडुनिंबाच्या सावलीत बैलगाड्यांचा तळ. आणि पोती रचलेला मालधक्का. फलाट असा उंच नसेच, डबाच ठेंगणा होता. म्हाताऱ्या बाईला हात देऊन वर घ्यावे लागत नसे. ती पायरीवर पाय ठेवी आणि आत जाई. बाजाराच्या गाठोड्यासकट, कोंबडीसकट, लेकरासकट.

तिकीट जाड पुठ्ठ्याचे, सव्वादोन इंच लांब आणि साधारण सव्वा इंच रुंद. मास्तर ते कप्प्यातून खालच्या बाजूने ओढून घेत, लोखंडी यंत्राच्या फटीत सरकवत, खटकन आवाज होई आणि कडेला तारीख उमटे. ती शाईची नव्हे, दाबाची खूण असे, म्हणून बोट फिरवले तर कळे. अडाणी माणूस अंगठ्याने ती खूण चाचपून बघे आणि मगच तिकीट कनवटीला लावी. एकेरी मार्ग असल्याने पुढच्या स्टेशनाकडून ‘लाईन क्लियर’ मिळाल्याशिवाय गाडी हलत नसे. ती मिळाली की टांगलेल्या रुळाच्या तुकड्यावर लोखंडी गोट्याने ठोके पडत. तो रूळही त्याच ३० पौंडांच्या जातीचा. शेतात काम करणाऱ्याला त्या ठोक्यावरून दिवस किती वर आला ते समजे.

देवणी या रेल्वेवर कधीच नव्हती, आणि आजही देवणीला रेल्वे नाही. पण देवणीचा माणूस दोन रेल्वेंच्या मध्ये राहत आला. १९३० च्या दशकाच्या आरंभी निजामाच्या रेल्वेने विकाराबादहून बीदर, भालकी, कमालनगर, उदगीर करत परळीपर्यंत रुंद मार्ग आणला. हैदराबादकडे जायचे तर उदगीर जवळचे. १९५६ पर्यंत हा सारा उदगीर तालुका बीदर जिल्ह्यातच होता, तेव्हा कोर्ट-कचेरीही त्याच दिशेला. बार्शी, पंढरपूर, मुंबईकडे जायचे तर लातूर गाठायचे आणि छोट्या गाडीत बसायचे. मोठी गाडी सरकार-दरबाराची आणि छोटी गाडी देवाची व बाजाराची, अशी ती वाटणी.

आणि दोन्ही स्टेशनांच्या मालधक्क्यापर्यंत धान्य, शेंगा, कापूस पोचवायला बैलच होते. देवणी गोवंशाचे वानेरा, बालंक्या, शेवरा हे तीन वाण ओढकामाला आणि दुधाला दोन्हीकडे चालतात. कान लांब, कपाळ भरदार, चाल संथ पण न थकणारी. रेल्वेच्या इतिहासात इंजिनांच्या नोंदी असतात, चाकांची संख्या असते, बांधणाऱ्या कंपनीचे नाव असते. रस्त्यावरचे शेवटचे मैल ओढणाऱ्या या जनावरांची नोंद कोणत्याही वहीत नाही. निदान देवणीच्या वाचकाने ती आपल्या मनाने करावी.

आषाढी आली की या गाडीचे रूप पालटे. लातूर, मुरूड, येडशी, बार्शी, कुर्डुवाडी आणि थेट पंढरपूर: पायी वारी न झेपणाऱ्या म्हाताऱ्या-कोताऱ्यांसाठी ही गाडी म्हणजे आधार होती. आत जागा संपली की लोक टपावर चढत. पताका टपावर, टाळ टपावर, आणि खाली इंजिन चढणीला धापा टाकते आहे. पंढरपूरच्या वाटेवर या छोट्या गाडीने जी माणसे वाहिली, त्यांतल्या कित्येकांनी आयुष्यात दुसरी कुठली रेल्वे पाहिलीही नसेल.

या मार्गालगतच्या गावांना आणखीही इतिहास आहे. उस्मानाबाद जिल्ह्यातल्या कसबे तडवळे इथे २२ आणि २३ फेब्रुवारी १९४१ रोजी महार-मांग वतनदार परिषद भरली आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिला आले. निजामाच्या राज्यात, वतनाच्या बेडीविरुद्ध भरलेली ती परिषद आजही त्या पंचक्रोशीत दरवर्षी आठवली जाते.

१९२७ साली पंढरपूर-मिरज टप्पा पुरा झाला तेव्हा लातूर ते मिरज २०२ मैल, म्हणजे ३२५ किलोमीटर, अडीच फुटी रुळांची सलग वाट झाली. मिरजेत तर पुढे एकाच आवारात रुंद, मीटर आणि अरुंद असे तिन्ही गेज नांदले. १ जानेवारी १९५४ रोजी कंपनी सरकारने घेतली आणि ती मध्य रेल्वेत आली. लंडनच्या कागदावर जन्मलेली संस्था अशी सरकारी झाली. लोक मात्र तिला शेवटपर्यंत ‘बार्शी लाईट’च म्हणत राहिले.

तिला मारले ते रुंदीतल्या फरकाने. लातूरच्या आडतीतून निघालेले तुरीचे पोते मुंबईला जायचे तर ते लातूरला एकदा चढे, कुर्डुवाडीला उतरे, मोठ्या डब्यात पुन्हा चढे. दोनदा हमाली, दोनदा वजन, दोनदा सांडलवंड. ट्रक आडतीच्या दारात उभा राहून थेट मुंबईच्या बाजारात पोते उतरवू लागला, तेव्हा मालधक्क्याचा हिशेब कोसळला. आधी माल गेला, मग एसटीने माणसे नेली. इंजिने कोळशाची जाऊन डिझेलची आली आणि पाण्याच्या टाकीचे काम संपले. टाकीचे संपले म्हणजे टाकीवाल्याचे संपले, कोळसा भरणाऱ्याचे संपले, राख काढणाऱ्याचे संपले. वस्ती पहिल्यांदा अर्धी झाली ती तेव्हा.

अशी वस्ती जगात एकटी नव्हे. अमेरिकेच्या वेस्ट व्हर्जिनियात थर्मंड नावाचे गाव आहे. कोळशाच्या खाणींमुळे तिथे रेल्वेचा मोठा तळ झाला, बँका झाल्या, मोठे हॉटेल झाले. वाफेची इंजिने गेली, डिझेलला तो तळ नको होता. २०२० च्या जनगणनेत त्या गावात पाच माणसे होती. फरक एवढाच की थर्मंडचे स्टेशन जपून ठेवले आहे, ते बघायला लोक जातात. आपल्याकडे वाफेवर जगलेल्या वस्त्या शहरांनी गिळल्या किंवा बाभळींनी.

मग गेज बदलले. ते बदलायलाच हवे होते. लातूरने त्यासाठी वर्षानुवर्षे मागणी केली होती आणि त्या मागणीत काही चूक नव्हती. एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीला कुर्डुवाडी-पंढरपूर टप्पा रुंद झाला. २००७ साली लातूर-उस्मानाबाद, २००८ साली उस्मानाबाद-कुर्डुवाडी, आणि २०११ च्या सुमारास पंढरपूर-मिरज. जिल्ह्याचे गाव असूनही सुमारे शंभर वर्षे रेल्वेविना राहिलेले उस्मानाबाद, आजचे धाराशिव, त्यामुळे नकाशावर आले. लातूरहून मुंबईला थेट गाडी धावू लागली. हे सारे चांगलेच झाले.

पण रुंद मार्गाला अरुंद मार्गासारखे वळता येत नाही. छोटी गाडी डोंगराची कड धरून, गावाच्या अंगणातून, बाजाराच्या पाठीमागून जाई. मोठ्या गाडीला सरळ, रुंद, मोकळी जमीन लागते. लातूरला ती शहराच्या बाहेरून गेली आणि नवे स्टेशनही बाहेर झाले. जुने स्टेशन होते तिथेच, भर बाजाराजवळ, बिनकामाचे उरले. येडशीच्या डोंगरातली जुनी वाटही तशीच सुटली. हलके रूळ उचलून नेले गेले. सांधेवाल्यांच्या, गँगमनांच्या बदल्या झाल्या किंवा ते निवृत्त झाले. क्वार्टरचे दरवाजे आधी गेले, मग चौकटी, मग कौले. शहरातल्या मोकळ्या जागेला शहर फार दिवस मोकळे राहू देत नाही. आज जुन्या लाईनीवरून चालणाऱ्याला ती लाईन ओळखायची तर एकच खूण: रस्ता उगीच कुठेतरी मोठ्या, संथ वळणाने जातो. रस्ते असे वळत नाहीत. रेल्वे वळते.

लातूरच्या अलीकडे हरंगुळ हे छोट्या गाडीचे एक साधे स्टेशन होते. तिथे २०१८ साली मराठवाडा रेल्वे डबा कारखान्याची पायाभरणी झाली आणि डिसेंबर २०२० मध्ये पहिल्या डब्याचा सांगाडा तयार झाला. कारखान्याभोवती आता नवी वस्ती येईल, नव्या क्वार्टर उठतील, त्यांत देवणी-उदगीरकडची पोरेही नोकरीला असतील. हरंगुळच्या त्या पोरांना आपण ज्या गावात रेल्वेचे डबे बांधतो तिथे शंभर वर्षांपूर्वी मीटरला पंधरा किलोच्या रुळावरून इंजिन आले होते, हे कोणीतरी सांगायला हवे.

२०१६ च्या उन्हाळ्यात मांजरा धरण कोरडे पडले आणि लातूरला प्यायला पाणी उरले नाही. कुठून आणायचे? मिरजेहून, कृष्णेचे. राजस्थानातल्या कोटा इथे धुऊन साफ केलेल्या टाकीच्या वाघिणी मिरजेला आल्या, प्रत्येकीत ५० हजार लिटर पाणी भरले आणि ११ एप्रिलला दहा वाघिणींची ‘जलदूत’ निघाली. मिरज, पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी, उस्मानाबाद, लातूर: ३४२ किलोमीटर. दोन टोके तीच, जी १९२७ साली बार्शी लाईटने पहिल्यांदा जोडली होती. १२ एप्रिलच्या पहाटे गाडी लातूरला पोचली तेव्हा अंधारातच लोक जमले होते. स्टेशनजवळच्या मोठ्या विहिरीत पाणी सोडायला सुरुवात झाली. पुढे पन्नास-पन्नास वाघिणींच्या, २५ लाख लिटरच्या गाड्या लागल्या आणि शंभरावर फेऱ्या होऊन ऑगस्टपर्यंत पाणी येत राहिले. त्या पहाटे जमलेल्यांमध्ये घागरी घेऊन आलेल्या बायाही होत्या, आणि रुळाशेजारी उभे राहून पहिली वाघीण कधी दिसते ते वाकून बघणारी माणसे होती.